बाईंची चाळणी

आमच्या वसतिगृहाच्या ऑफिसात एक जुनं दुधाचं कपाट होतं. चारी बाजूंनी बारीक जाळी, वर पत्रा, पुढे कडी. बाईंनी त्यात वायफायचा डबा ठेवला आणि कडीला कुलूप घातलं. डबा बसवायला इलियासभाई आले होते. बाजारात त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. ते म्हणाले, "बाई, ह्या जाळीतून रेंज भाईर यायची न्हाई. लोखंड रेंज खातंय."

बाईंनी पकड मागवली आणि तीन बाजूंची जाळी स्वतः उचकटून काढली. आता कुणीही बाजूने हात घालून डबा उचलून नेला असता. इलियासभाईंनी ते दाखवून दिलं, तर बाई म्हणाल्या, "असू द्या. पुढून तर कुलूप हाय ना?" इलियासभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं. पुढे बाईंनी कधीही बोलावणं धाडलं, की ते आधी मला फोन करून विचारायचे, "मॅडम का मूड कैसा हाय आज?"

बाईंना जाऊन वर्ष होत आलं. दहाव्याला आलेल्या मुली घोळक्याने उभ्या होत्या. रडून झाल्यावर पहिली आठवण निघाली ती त्या कपाटाची.

बाई वसतिगृहाच्या अधीक्षिका. मी त्यांच्या हाताखाली पत्रव्यवहार बघायचे आणि संध्याकाळी मुलींना गणित शिकवायचे. बीडच्या बाजाराला पाठ लावून उभी असलेली आमची इमारत, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे गावंच्या गावं कोयते घेऊन कारखान्यांच्या मुलखात जातात, ती गुढीपाडव्यापर्यंत उसाच्या फडातच. मुलगी बरोबर नेली तर शाळा सुटते. गावात एकटी ठेवली तर आई-बापाच्या जिवाला घोर. मग पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिचं लग्न उरकून टाकतात. लग्न झालं की नवरा-बायकोची जोडी होते, आणि फडात काम मिळतं ते जोडीला. हे होऊ नये म्हणून आमचं वसतिगृह होतं.

बाई मूळच्या धर्मापुरीच्या. ठेंगण्या, काटक. कडक इस्त्रीचं सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, तोंडात कायम लवंग. उजव्या कानाने कमी ऐकू यायचं, पण ते कबूल नाही. समोरच्यालाच दटावायच्या, "नीट बोल की, तोंडात काय धरलंयस?" ताटात भाकरी टाकणाऱ्या मुलीला त्या रागवत नसत. तिच्या शेजारी बसून ती उष्टी भाकरी स्वतः खात. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या, असं मुली म्हणायच्या. त्यांचं स्वतःचं लग्न सातवीत असताना झालं होतं. हे मला त्यांच्या बहिणीकडून कळलं. त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

वायफाय आलं ते शाळा-कॉलेजं अभ्यास मोबाईलवर पाठवू लागली तेव्हा. अकरावी-बारावीच्या मुलींना फोन ठेवायची परवानगी मिळाली. फोन म्हणजे बापाचा जुना, काच तडकलेला. त्यात रिचार्ज क्वचितच असायचा. सुरुवातीला पासवर्ड जेवणघराच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असे. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग एक प्रकार घडला. दहावीतल्या एका मुलीचा फोटो, खाली घाणेरडा मजकूर लिहून, कुणीतरी गावभर फिरवला. पोलीस चौकशीला आमच्याच दारात आले, कारण तो टाकला गेला होता वसतिगृहाच्या कनेक्शनवरून. शोध लागला तेव्हा कळलं, आदल्या वर्षी बारावी होऊन गेलेल्या एका मुलीचा फोन तिच्या चुलतभावाकडे गेला होता. पासवर्ड फोनमध्ये तसाच. तो पोरगा आमच्या भिंतीबाहेर मोटारसायकलवर बसून आमचंच नेट वापरायचा.

फोटोतल्या मुलीचा बाप आला आणि तिची पेटी उचलून चालू लागला. बाई फाटकापर्यंत त्याच्या मागे बोलत गेल्या. तिची काही चूक नाही, दहावीचं वर्ष आहे, परीक्षेपुरती तरी ठेवा. तो एकदाच थांबला. म्हणाला, "बाई, भिंत बांधली तुमी, आन् खिडकी उघडी ठिवली." मुलगी मागे वळून बघत नव्हती. तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

बाई तडक इलियासभाईंच्या दुकानात जाऊन बसल्या. गिऱ्हाईकं येत-जात राहिली, बाई हलल्या नाहीत. इलियासभाईंनी त्यांना समजावून सांगितलं, की प्रत्येक फोनला आकडे-अक्षरांचा आपला एक पत्ता असतो. डब्याला सांगून ठेवता येतं, की एवढ्याच पत्त्यांना आत घे. मग पासवर्ड ठाऊक असला तरी बाकीच्यांना डबा दारातूनच परत लावतो. शिवाय आत आलेल्यांनी काय बघावं, काय नाही, तेही ठरवता येतं. कंपनीच्या भाषेत त्याला फिल्टर म्हणतात. बाईंनी त्याला चाळणी म्हटलं आणि आम्ही सगळे तेच म्हणू लागलो.

त्या दिवसापासून बाई रोज सकाळी देवपूजा झाली की ऑफिसात येऊन कॉम्प्युटरवर डब्याचं ते पान उघडत. कोण आत आहे, कोण आलं, कोणाला परत लावलं, सगळं तिथे दिसायचं. नव्या फोनांना एक खोड असते. ते आपला खरा पत्ता झाकून जागोजागी वेगळाच सांगतात. त्यावरून बाईंनी रान उठवलं. एकेका मुलीला टेबलासमोर उभं करून तिच्या फोनला खरा पत्ता सांगायला लावलं. "ज्याचा पत्ता रोज बदलतो त्याला कुनी पोरगी देईल का? मग मी नेट कावून देऊ?" पत्त्याच्या शेवटच्या अक्षरांवरून त्या मुलींना ओळखू लागल्या. पंगतीत हाक यायची, "सात-बी, वरण वाढ." नवीन मुलगी इकडेतिकडे बघत राहायची.

बाईंचा मुख्य नियम एकच होता. मुलगी फाटकाबाहेर गेली, मग सुट्टीला असो की कायमची, की तिचा पत्ता बंद. परत आली की चालू. गेलेला फोन कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही, हे त्या एकदा शिकल्या होत्या.

चाळणीचे बाकीचे नियम मात्र त्यांच्या लहरीवर वाढत गेले. अभ्यासाच्या वेळेत व्हिडिओ बंद. गेम कायमचे बंद. नावात 'विवाह' शब्द असलेली प्रत्येक साइट बंद. त्यात बालविवाह कसा थांबवावा ह्याची माहिती देणारी एक साइटही अडकली. मी दाखवून दिल्यावर त्यांनी तेवढी सोडवली, पण दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. इलियासभाई म्हणाले, "बाई, इतना तो बँकेत बी न्हाई करत कुनी." बाई म्हणाल्या, "बँकेत पोरी ठेवतात का?"

संध्याकाळी सात वाजता मात्र त्या सगळं बंद करून एकच गोष्ट मोकळी सोडत. व्हिडिओ कॉल. ही वेळ फडावरच्या आई-बापांची. दिवसभर ऊस तोडून माणसं कोपीवर आलेली असायची. उसाच्या पाचटाची ती खोपटं, पुढे चूल, आणि टोळी घेऊन जाणाऱ्या मुकादमाच्या एखाद्या चांगल्या फोनभोवती पाच-सहा घरं गोळा. इकडे आमच्या ओसरीवर मुली, लहान मुली मोठ्यांच्या फोनवरून. "जेवलीस का?" "तू जेवलीस का?" ह्यापलीकडे बोलणं फारसं जात नसे. बाई खांबाला टेकून उभ्या राहायच्या. एखादीचा कॉल अडखळला की ऑफिसात धावत जाऊन दुसऱ्या कुणाचं काय चाललंय ते बंद करून यायच्या.

संस्थेचे अध्यक्ष एकदा पाहणीला आले. सगळा तालुका त्यांना अण्णा म्हणतो. बरोबर दहा-बारा माणसं. चहा झाल्यावर अण्णा म्हणाले, "बाई, तेवढा वायफाय जोडून द्या, मुंबईहून फोन यायचाय." बाईंनी हात पुढे केला. "फोन बघू." अण्णांनी हसत दिला. बाईंनी तो चष्म्याजवळ नेऊन बघितला आणि परत दिला. "ह्याचा पत्ता बदलता हाय. आणि तुमी थोड्या येळानं जाणार. मुलींच्या नेटवर बाप्याचा फोन घेत न्हाई मी." अण्णा म्हणाले, "इमारत माझी आहे बाई." बाई म्हणाल्या, "इमारत तुमची. मुली माझ्याकडं हायेत."

पुढल्याच आठवड्यात कनेक्शन तुटलं. काही तांत्रिक अडचण, असं कळवण्यात आलं. ती अडचण परीक्षेच्या तोंडापर्यंत सुटली नाही. बाई रोज मुलींची रांग घेऊन इलियासभाईंच्या दुकानात जायच्या. त्यांनी दुकानाच्या मागची खोली रिकामी करून दिली होती. बाईंनी अण्णांकडे एकदाही निरोप पाठवला नाही.

शिवकन्या लिंबागणेशच्या बाजूच्या एका वस्तीवरची. अकरावी सायन्सला होती. मी फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं, पण ती सांगत नसे. दुसरी कुणीतरी सांगेपर्यंत ओठ मिटून हसत बसायची. तिला नर्स व्हायचं होतं. बाईंचे डोळे दुखायला लागले की पेपर वाचून दाखवायला त्या हिलाच बोलवायच्या, "नऊ-डी, इकडं ये," म्हणून. ती वाचताना बातम्या आपल्या मनाने बदलायची. बाजार समितीच्या बातमीत मधेच आमच्या स्वयंपाकीणबाईंचं नाव घालायची. बाईंना ते कळत असे. पण त्या पेपर काढून घेत नसत.

दसरा झाल्यावर तिचा मामा तिला न्यायला आला. "नव्या घराची वास्तुशांत हाय. चार दिसांत आणून सोडतो." बाईंनी त्याला चांगला तपासला. तिच्या बापाला फोन लावायला लावून स्वतः बोलल्या. बाप हसून म्हणाला, "व्हय बाई, वास्तुशांतच हाय. तुमी बी या जेवाया." शिवकन्या खुशीत होती. तिने नवा ड्रेस घातला होता. ती फाटकाबाहेर पडली आणि बाईंनी आत येऊन तिच्या पत्त्यापुढचं बटण बंद केलं.

चार दिवस होऊन गेले, ती आली नाही. आणि एका दुपारी बाई पान उघडून बसल्या होत्या, मी शेजारच्या टेबलावर वह्या तपासत होते, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "अगं, नऊ-डी!"

मी उठून बघितलं. शिवकन्याचा फोन आत यायला बघत होता आणि डबा त्याला परत लावत होता. एकदा, पुन्हा एकदा, मग पुन्हा. बाईंनी फाटकावरच्या मावशींना हाक मारली. "बघा बरं, शिवकन्या आलीय." मावशी रस्त्यापर्यंत जाऊन आल्या. "कुनी न्हाई बाई."

"मग बाजारात असंल," बाई म्हणाल्या. "यायचं असतं तर फाटकातनं आली असती. फुकटचं नेट दिसलं, झालं." त्यांचा हात माऊसवर होता. पडद्यावर त्याच पत्त्याच्या ओळी वाढत होत्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "एका फोनापायी एका पोरीचं काय झालं ते बघितलंय मी." आणि त्यांनी पान मिटलं. भाजीवाला आला होता, त्या कोठीकडे गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुली परतल्या. शिवकन्याच्या गावाकडची एक मुलगी बाईंच्या पाया पडताना सहज म्हणाली, "बाई, शिवकन्याचं लगीन झालं."

बाईंनी पायातल्या चपलाही बदलल्या नाहीत. आम्ही दोघी मिळेल त्या गाडीने लिंबागणेशला उतरलो आणि तिथून वस्तीवर चालत गेलो. घराला कुलूप होतं. घर जुनंच होतं, वास्तुशांत करावी असं काहीही नव्हतं. आई-बाप कारखान्याला गेले होते. ग्रामसेवक म्हणाला, "लग्न न्हाई बाई, साखरपुडा हुता. आन् आधारवर तर तिला अठरा पूर्ण हायेत." बाईंनी पिशवीतून तिच्या शाळेच्या दाखल्याची प्रत काढून त्याच्यासमोर धरली. तो दाखल्याकडे न बघता म्हणाला, "आता काय उपेग?"

शेजारच्या ओसरीवर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिने आम्हाला पाणी दिलं. बोलता बोलता म्हणाली, "पोरगी काय हसंना-बोलंना. पर लगीन चांगलं केलं. बस्ता तुमच्या बीडातच बांधला की. तुमच्या बोर्डिंगच्या मागं न्हाई का ते कापडाचं मोठं दुकान, तितं. समदी गेलतो आमी."

बाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "कवा?"

म्हातारीने वार सांगितला. तो कोणता दिवस ते आम्हा दोघींनाही कळलं. परतीच्या गाडीत मी दोनदा बोलून बघितलं, तर त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला.

दुसऱ्या दिवशी त्या इलियासभाईंना घेऊन त्या दुकानात गेल्या. मीही होते. वरच्या मजल्यावर गाद्या, भिंतीला आरसे, साड्यांचे ढीग. इलियासभाईंनी फोन हातात धरून एक चक्कर मारली आणि आमच्या भिंतीच्या बाजूला थांबले. हळूच म्हणाले, "हितं फुल येतंय, बाई." खिडकीतून आमची वाळत घातलेली पातळं दिसत होती. सेल्समन हसतमुखाने पुढे आला. "या मावशी, बसा. कसलं दाखवू? लग्नाचं का?"

बाई त्या गादीवर बसल्या. त्याने खरंच दोन-तीन साड्या उलगडल्या, तेव्हा इलियासभाईंनी त्याला खुणेने थांबवलं.

तक्रार झाली. नवऱ्या मुलाचं घर दिंद्रुडकडचं. पोलीस तिथे पोचले तेव्हा घराला कुलूप. आणि तक्रारीचा सुगावा लागल्यामुळे त्या लोकांनी मुकादम बदलला, त्यामुळे कोणत्या कारखान्याला गेलेत तेही कुणाला सांगता येईना. तक्रारीचं पुढे काय झालं ते मला विचारू नका. मी स्वतः ते विचारायला बऱ्याचदा गेले आहे.

मी बाईंना म्हणाले, आता ती चाळणी काढून टाकू या. इलियासभाईही तेच म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. "चाळणीला काय कळतंय? सांगितलं तेवढं करती. बघायला मी बसले हुते."

नियम मात्र बदलला. बदलला म्हणजे काय, तर गेलेल्या मुलीचा फोन आसपास आल्याचं पानावर दिसलं की बाई उठून धावत सुटायच्या. फाटक, मागची गल्ली, कापडाचं दुकान, भांड्यांची ओळ. पायात कधी चपला असायच्या, कधी नसायच्या. ती मुलगी बहुतेक वेळा गल्लीतून पुढे निघून गेलेली असायची, किंवा नवऱ्यामागे मोटारसायकलवर बसून जाताना लांबून दिसायची. एकीला त्यांनी भर बाजारात दंडाला धरून विचारलं, "काही त्रास हाय का तुला? सांग, इथं सांग." तिची सासू बरोबर होती. मुलीने हात सोडवून घेतला. "काय बाई तुमी, माणसांत लाज आणता." बाजारातले लोक हसायचे. बोर्डिंगच्या बाईंचं डोकं फिरलंय, असं म्हणायचे. अण्णांच्या कानावर गेलं, त्यांनी निवृत्तीची आठवण करून देणारं पत्र पाठवलं. बाई धावायच्या थांबल्या नाहीत.

थंडी सरत आली होती. सातची वेळ. ओसरीवर मुलींचे कॉल चालू होते. आठवीतल्या एका मुलीचा बाप तिला आपली नवी कोपी दाखवत होता आणि ती एकाएकी ओरडली, "बाई! शिवकन्याताई!" बाईंनी तिच्या हातातून फोन घेतला. बापाच्या खांद्यामागे, दुसऱ्या कोपीपुढे कुणीतरी वाकून चूल फुंकत होतं. बाईंनी एवढंच विचारलं, "कोणता कारखाना?"

आम्ही तिला आणू शकलो नाही, हे आधीच सांगते. शिवकन्या आता दिंद्रुडकडे असते. दोन लेकरं आहेत. दिवाळी आली की ती दोघांना घेऊन फडावर जाते. पण त्या वेळी कृष्णाकाठच्या त्या कारखान्याकडे जाणाऱ्या गाडीत बसताना बाईंना वाटत होतं, की येताना आम्ही तिघी असू. त्यांनी तिच्यासाठी पोळ्या बांधून घेतल्या होत्या.

मुक्काम उघड्या माळावर होता. ओळीने कोप्या, मधे बैल, कुत्री, वाळत घातलेली धुणी. आम्ही पोचलो तेव्हा माणसं न्याहारीला फडातून परतली होती. शिवकन्या भाकरी थापत होती. पोट नुकतं दिसू लागलं होतं. हातांना बारीक चिरा पडलेल्या, त्यांत पीठ गेलेलं. तिचा नवरा, जेमतेम मिसरूड फुटलेला पोरगा, आम्हाला बघून घाबरला. त्याने पोतं आणून टाकलं, "बसा बाई," म्हणाला आणि बैलांकडे निघून गेला. सासू लांबच्या ट्रॅक्टरकडे होती.

"बाई, तुमी इतक्या लांब?" शिवकन्या म्हणाली. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

बाईंनी इकडचं-तिकडचं काही विचारलं नाही. "येतीस का? मी बघते पुढचं. पोलीस आणते. येतीस का?"

"आता कुठं यिऊ, बाई?" तिने पोटाकडे बघितलं. "आन् वसतिगृहात हे चालतं का?"

"चालवीन मी."

"मग लेकरू झाल्यावर?"

शिवकन्याने दुसरी भाकरी थापायला घेतली. मग तीच बोलायला लागली, हलक्या आवाजात, जुनी गंमत सांगावी तसं.

"त्या दिशी लई येळ बघितलं मी. साड्या दावायला वर बसवलं हुतं. आई, मामी, सासू, समद्या भोवती. मामा जिन्यात उभा. फोन वढनीखाली धरला. रिचार्ज न्हवता म्हनून कुनी काढून घेतला न्हवता. म्हनलं वायफाय लागलं तर तुमाला येकच ओळ लिवायची. ते गोल गोल फिरायचं, आन् जायाचं. पुन्यांदा लावलं की पुन्यांदा तसंच."

बाई गप्प राहिल्या असत्या तर तिला ते कधीच कळलं नसतं.

"मला दिसत हुतं," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तुझा फोन. यायला बघत हुता. मी समोर बसले हुते. मी उघडलं न्हाई."

शिवकन्याचे हात थांबले. तिने बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मी आता काही वेगळं सांगेन अशा आशेने. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"मला वाटलं, माझाच फोन बिघडला," ती म्हणाली. "घरी गेल्यावर बारक्या भावाला खेळाया दिऊन टाकला."

तिने भाकरी उतरवली, करपलेला भाग नखाने खरवडला. रडली नाही. बाईही रडल्या नाहीत. फडाकडून मुकादमाची हाक आली, ट्रॅक्टर भरायचा होता. शिवकन्याने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि उठली. उठताना एक हात कमरेवर ठेवला.

बाईही उठल्या. पिशवीतल्या पोळ्या त्यांनी कोपीत ठेवल्या, पदर खोचला, घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि तिच्या मागे चालू लागल्या. मी म्हणाले, "बाई, अहो, कुठे निघालात?" त्यांना ऐकू गेलं नाही किंवा ऐकायचं नव्हतं. शिवकन्या वळून म्हणाली, "पाचट लागंल, बाई. हात कापत्याल." बाई चालत राहिल्या.

तोडलेला ऊस जागोजागी पडला होता. वाढ्याचा, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याचा, पीळ करून उसाची मोळी बांधायची, एवढंच काम, पण ते सवयीचं आहे. बाई खाली बसल्या आणि बांधू लागल्या. आजूबाजूची माणसं कोयते थांबवून बघत होती. ट्रॅक्टर भरेपर्यंत मी बांधावर उभी होते. बाईंची गाठ काही बसेना. मोळी उचलली की सुटायची. शिवकन्या त्यांच्या मागून यायची आणि ती पुन्हा बांधायची.